चंद्रावरची रजा

आमच्या साहेबांना पोलंडच्या जुन्या विज्ञानपटांचं वेड होतं. वेड कसलं, मिरवायला एक वस्तू हवी होती. महिन्यातून एका शनिवारी ते बहारीनमधल्या आमच्या ऑफिसातल्या मराठी माणसांना माहूज भागातल्या आपल्या फ्लॅटवर बोलवत, आणि जो येणार नाही त्याच्याशी पुढं आठवडाभर धड बोलत नसत. म्हणून सगळे जात. हमद टाउनहून बस बदलत आमचा रत्नागिरीचा क्लार्कही येई. त्या सुमारास त्याच्या मुलीचा निकाह ठरला होता आणि त्याची रजा साहेबांकडं अडकली होती. विचारलं की साहेब म्हणत, "इंशाल्ला, बघू." हा शब्द ते फक्त 'नाही' या अर्थानं वापरत.

"नाय म्हणायचं तर सोताच्या नावावर म्हणावं," क्लार्क मला म्हणाला होता. "अल्लाचं नाव मधी कशाला?"

त्या शनिवारचा सिनेमा चंद्रावरच्या वसाहतीचा होता. तिथं श्वास घ्यायलाही परवाना लागतो, आणि खिडकीत बसलेला गुबगुबीत अधिकारी येईल त्याला एकच उत्तर देतो. सुरुवातीला साहेबांनी शहाणपण पाजळलं. पोलंडच्या तेव्हाच्या सरकारला उघड बोललेलं चालत नसे, म्हणून हे लोक गोष्ट चंद्रावर नेत. सेन्सॉरला वाटे थापा आहेत, बघणाऱ्याला कळे की आपल्याच गल्लीतलं आहे. वसईहून आलेल्या त्यांच्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडं होतं. अधिकाऱ्याचं उत्तर होतं, अर्ज विचाराधीन आहे. मी सांगितलं, "इंशाल्ला, बघू."

सगळे हसले. दुसऱ्या वेळी जास्तच हसले. सर्वांत मोठ्यानं साहेब हसले, मांडीवर थाप मारून. इतका निबर माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. क्लार्क मात्र हसला नाही.

सिनेमा संपल्यावर साहेब म्हणाले, "काय शेळपट लोक. सहन कसं करत होते?"

"साहेब," क्लार्क म्हणाला, "पोरीचा निका बुधवारी हाय. माज्या रजेचं काय?"

"अरे, आपण इथं कला बघायला आलोय. ऑफिसचं ऑफिसात."

सासूबाईंनी क्लार्कच्या बशीत आणखी एक कटलेट वाढलं. बाकीचे आपापल्या बशीत बघत राहिले.

बुधवारी त्यानं निकाह ऑफिसच्या पँट्रीत फोनवर पाहिला. दुआसाठी त्याचे हात मोकळे राहावेत म्हणून फोन मी धरला. नवरा मुलगा 'कबूल' म्हणाला नेमकं तेव्हाच नेटवर्क अडकलं, आणि जावयाचं नुसतं उघडं तोंड दिसत राहिलं. तेवढ्यात साहेब चहाला आले. फोनमध्ये डोकावले. मनापासून खूश झाले, आणि मला त्यांची किळस आली ती त्या खुशीमुळंच.

"मुबारक," ते म्हणाले आणि त्यांनी क्लार्कच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, तुझ्यावाचून काही अडलं का?"