कंडक्टरांचे त्रेसष्ट कातरपंखी

कंडक्टर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण त्यांचं कंडक्टर हे नाव काही निवृत्त झालं नाही. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये माणसं मोजली. गच्च भरलेल्या बसवरून एक नजर फिरवली की आकडा तयार, आणि तो चुकला असं सांगणारा माईचा लाल त्यांना कधी भेटला नाही. घरी बसल्यावर मात्र त्या डोळ्यांना काम उरलं नाही. मग ते जिन्याच्या पायऱ्या मोजू लागले, शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे मोजू लागले, आणि एक दिवस बायकोच्या सुयांवरचे टाके मोजून "एक कमी पडलाय" म्हणाले. बायकोने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. "तुझ्या बाबांना कुठेतरी कामाला लाव, नाहीतर मी तरी घर सोडते."

मुलगी बंदराच्या कचेरीत होती. तिथून एक बोट चार-चार दिवस खोल समुद्रात जायची, हौशी लोकांना देवमासे आणि समुद्रपक्षी दाखवायला. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई त्या बोटीवर असत आणि त्यांना मोजायला माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी कंडक्टरांनी उडत्या थव्यावरून नजर फिरवून आकडा सांगितला. बाईंनी फोटो काढून ठेवला होता, त्यावरून एकेक पक्षी मोजून पाहिला. दोनचाच फरक निघाला. कंडक्टरांचा बोटीवरचा बंक, म्हणजे झोपायची जागा, पक्का झाला.

गेल्या वर्षी तर कळस झाला. कातरपंखी नावाचा एक काळपट पक्षी असतो, लाटेला पंखाचं टोक टेकवत जातो. या पाण्यात तो एखाद-दुसराच दिसतो. कंडक्टरांनी चार दिवसांत त्रेसष्ट मोजले! कप्तानाने जेवणाच्या केबिनमध्ये पाटीच रंगवून लावली: 'कातरपंखी ६३'. तेव्हापासून कंडक्टर त्या पाटीसमोरच्याच खुर्चीवर जेवत.

यंदा त्यांनी बायकोलाही आणलं. कशाला, हे काय वेगळं सांगायला हवं? तिने पाटी पाहिली, "छान रंगवलीय" म्हणाली, आणि नातवाच्या स्वेटरची लोकर घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन बसली. तिथे वारा कमी लागतो. तासाभरात सगळी बोट तिला काकू म्हणायला लागली. कंडक्टर नेहमीसारखे पुढच्या टोकाला, गळ्यात दुर्बीण आणि कानाला पेन्सिल.

रोज संध्याकाळी जेवणाआधी बोटीवर हजेरी व्हायची. कंडक्टर वही उघडून एकेका पक्ष्याचा आकडा वाचत आणि "हरकत?" असं विचारून सगळ्यांकडे पाहत. कुणी बोललं नाही की पेन्सिलीचा आकडा पेनने पक्का.

"कातरपंखी, एकोणीस. हरकत?"

टाळ्या पडल्या. काकूंनी तेवढी मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विणकामात डोकं घातलं. कंडक्टरांना ती नजर चांगली ठाऊक होती. पाहुण्यांसमोर ते काही भलतंच बोलून गेले की काकू अशाच पाहायच्या.

"काय होतं गं काल?" सकाळच्या चहाला त्यांनी विचारलंच.

"काही नाही. तुमचा तो पक्षी आहे ना, तो तोच आहे."

"तोच म्हणजे?"

"म्हणजे एकच. माझ्या मागून येतो, तुमच्या बाजूने पुढे जातो आणि मोठी चक्कर मारून परत माझ्यामागे. डाव्या पंखात एक पीस कमी आहे, तेवढी फट दिसते. कधीकधी दुसरा एक असतो बरोबर, त्याचे पंख धड आहेत."

"अगं, पक्षी सगळे सारखेच दिसतात."

"तुम्हाला दिसतात. सुटलेला टाका मला लगेच कळतो."

कंडक्टर तणतणत उठले आणि बायकोला खोटं पाडायला म्हणून तिच्याच शेजारी जाऊन बसले. वीस मिनिटांनी कातरपंखी आला. डाव्या पंखात फट. वीस मिनिटांनी परत आला. फट होतीच. जेवणाच्या वेळेपर्यंत तो सात वेळा येऊन गेला आणि कंडक्टरांची चहाडी करावी तशी प्रत्येक वेळी ती फट दाखवून गेला. शाळेची कार्टी मागच्या दाराने उतरून पुढच्या दाराने परत चढायची, खिडकीच्या जागेसाठी. अशी किती कार्टी कंडक्टरांनी कान धरून खाली उतरवली होती! आणि इथे एका पाखराने त्यांनाच गंडवलं होतं.

एकोणीसचं काही नाही, ते कालचेच होते, दुरुस्त करता आले असते. पण मग त्रेसष्टांचं काय? ते खोटे ठरले तर पाटी जाणार, पाटी गेली की मोजणाऱ्यावरचा विश्वास जाणार, आणि मग बंक कोण देणार? म्हणजे परत घर, परत जिन्याच्या पायऱ्या. काकू कुणाला सांगणार नव्हत्या, हेही कंडक्टरांना माहीत होतं.

"सांगून टाकू का गं?"

"मला काय विचारता? तुमच्या गाडीत कुणी अशी चलाखी केली असती तर?"

"उतरवलं असतं."

"मग मीही उतरते तुमच्याबरोबर."

"इथे? पोहता येतं का तुला?"

काकू इतक्या हसल्या की लोकरीचा गुंडा घरंगळत गेला.

संध्याकाळी कंडक्टर वही घेऊन उभे राहिले. "कातरपंखी, दोन. कालचे एकोणीस तेही दोनच. एकाच्या पंखात पीस कमी आहे, तो बोटीभोवती फिरतोय. हे माझ्या बायकोने ओळखलं." मग ते पाटीकडे वळले. "गेल्या वर्षीही मी असंच मोजलं. पुढेच बसायचो, मागे बघितलंच नाही. खरे किती होते ते आता मला सांगता येणार नाही. हरकत?"

अभ्यासक बाईंचा चेहरा पडला. "कंडक्टर, तो आकडा मी पुढे पाठवलाय. चार ठिकाणी गेलाय."

"मग परत मागवा."

"तेवढं सोपं नसतं हो," असं म्हणून बाई न जेवताच बाहेर गेल्या. कप्तानाने पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. कंडक्टरांना फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी ते दुसऱ्या खुर्चीवर बसून पोटभर जेवले, आणि त्यांना झोपही चांगली लागली.

तिसरा दिवस असाच गेला. बाई कामापुरतं बोलल्या. चौथ्या दिवशी सकाळी समोर फवारा उडाला आणि कप्तानाने घंटेची दोरी एकदा ओढली. बोटीवर एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. बसचीच रीत, कंडक्टरांना ती शिकवावी लागली नव्हती. बोट थांबली. डावीकडे फवारा, उजवीकडे फवारा, मागे फवारा. "पाच!" कुणी ओरडलं. "नाही, सात!" बाईंनी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. त्या कंडक्टरांकडे बघत राहिल्या.

कंडक्टर मागच्या टोकाला काकूंशेजारी उभे होते. पाव तास ते एकेक फवारा निरखत राहिले.

"मोठ्याच्या पाठीवर पांढरा ओरखडा आहे," काकू हळूच म्हणाल्या.

"पाहिला. आणि लहान्याचा फवारा बुटका आहे." मग कंडक्टरांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन! एक फुल, एक हाफ."

बाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. हजेरीची वाट न बघता त्यांनी तो आकडा थेट पेनने लिहिला. कप्तान सुकाणूवरून म्हणाला, "पुढच्या वर्षी दोन बंक ठेवतो. काकू नसल्या की मागची बाजू उघडी पडते."

"गादी जरा जाड बघा," काकू म्हणाल्या.

दुपारी किनाऱ्याची रेघ दिसायला लागली. पीस कमी असलेला कातरपंखी कंडक्टरांच्या बाजूने पुढे गेला, चक्कर मारून मागे आला, आणि तिथून जो खोल पाण्याकडे वळला तो परत फिरलाच नाही. दोघं तो ठिपका नाहीसा होईपर्यंत बघत राहिले.

"गेला हो," काकू म्हणाल्या.

कंडक्टर उठले, घंटेपाशी गेले आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली. घंटा झाली म्हणजे देवमासाच, असं समजून सगळे दुर्बिणी घेऊन धावत बाहेर आले.

"कुठे आहे देवमासा?" कप्तानाने विचारलं.

"देवमासा नाही," कंडक्टर म्हणाले. "एक जण उतरला. जाऊ द्या गाडी."