‘व्हेईकल’मधला एच

इंग्रजी भाषेवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. आता रोज तीच बोलून पोट भरते, तरी नाही. आपल्याकडे ‘कमळ’ लिहिलं की ‘कमळ’ म्हणायचं, विषय संपला. इंग्रजीचं म्हणजे हत्तीच्या दातांसारखं, खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे. रिसीटमध्ये पी आहे, पण बोलायचा नाही. क्यू लिहिताना पहिल्या अक्षरामागे आणखी चार अक्षरं नुसती उभी. कामधंदा काही नाही. रांगच ती, उभं राहणारच म्हणा!

मी तेव्हा जासईजवळ एका कंटेनर यार्डात गेटवर कामाला होते. पत्र्याची केबिन, त्यात मी आणि एक कॉम्प्युटर. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रेलरचे नंबर चढवायचे आणि गेट उघडायला सांगायचं. धूळ एवढी की डब्यातली भाकरी दाताखाली करकरायची. ड्रायव्हर बाहेरून ओरडायचे, मी आतून ओरडायची, आणि भांडणात मला तिथे कोणी हरवलं नाही. पण मला त्या केबिनमधून बाहेर पडायचं होतं. विमानतळामुळे पनवेलच्या बाजूला नवी हॉटेलं उघडत होती. त्यातल्या एकात फ्रंट डेस्कवर मुली घेणार आहेत असं कळलं. काचेचं दार, गार एसी, इस्त्रीचा कोट. खोटं कशाला बोलू, मला ती नोकरी जीव टाकून हवी होती. डिग्री होती, कॉम्प्युटर येत होता, बोलायला तर मी कुणाला ऐकत नाही. फक्त इंग्रजी तोंडात बसत नव्हतं, आणि मुलाखत इंग्रजीतच होणार होती.

म्हणून पनवेलला एसटी स्टँडच्या मागे एका मॅडमकडे क्लास लावला. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू. त्यांचे भाऊबहिणी कधीच इस्रायलला गेले, ‘मला तिकडे करमणार नाही’ म्हणून या इथेच राहिल्या. त्यामुळे शनिवारी क्लास बंद आणि रविवारी सकाळी आम्ही हजर. मॅडमचं मराठी असं ठणठणीत की टोमणा मारला तर यार्डातल्या ड्रायव्हरनंही खाली मान घालावी.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘बिहाइंड’ लिहिलं आणि मला वाचायला सांगितलं.

“बियाइंड,” मी म्हटलं.

“एच कुठे गेला?”

“कुठला एच?”

“तू गिळलास तो.”

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला असा राग आला! पण त्या म्हणत होत्या ते खरं होतं. आमच्या गावात मधला ह गिळायचीच पद्धत. आम्ही म्हणजे आमी, तुम्ही म्हणजे तुमी, नाही म्हणजे नाय. पहिला पयला होतो, पाहुणा पावना होतो, आणि पावना म्हटल्यानं तो जेवायचा थांबत नाही. जन्मात कधी कुणाचं त्या ‘ह’शिवाय अडलं नव्हतं. माझंच अडलं.

मॅडमनी युक्ती सांगितली. तोंडासमोर तळहात धरायचा आणि ह म्हणताना हातावर वाफ लागली पाहिजे. लागली तर ह आला, नाही लागली तर गिळला. मी घरी ओटीवर बसून सुरू केलं. बिहाइंड, हाउसहोल्ड, बिहेव्ह. आई समोर सुकट निवडत होती. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

“काय गो, तोंड भाजला काय तुजा? पानी देव?”

“आये, इंग्रजी शिकतेय मी!”

“असा फुकत फुकत?”

तिला काय सांगणार! पण फुंकून फुंकून तो एच माझ्या तोंडात बसला. इतका बसला की मी तो सापडेल तिथे लावायला लागले. बसमध्ये दुकानांच्या पाट्या वाचायची, आणि एच दिसला की हात तोंडासमोर. शेजारच्या बाईला वाटायचं मला बस लागते, ती खिडकीची जागा द्यायची. मी बिनदिक्कत घ्यायची.

मग एका रविवारी मॅडमनी हॉटेलातले शब्द घेतले. स्वीट लिहिताना कपड्यांच्या सूटला शेवटी एक ई जोडतात, आणि गेस्टनं स्वीट मागितलं तर गोड काय आहे ते सांगायचं नाही, मोठी खोली दाखवायची. ठीक आहे, हेही गिळलं. बुफेचा टी सोडून दिला. मग फळ्यावर आला ‘व्हेईकल’. हा तर माझा घरचा शब्द! यार्डात दिवसभर दुसरं काय बोलत होते? मी स्वतःहून उभी राहिले, हात तोंडासमोर धरला आणि खणखणीत वाचलं, “वे-हि-कल!” हाताला चांगली गरम वाफ लागली.

मॅडम म्हणाल्या, “छान. आता तो एच काढ.”

“म्हणजे?”

“इथे एच बोलत नाहीत. व्ही-इ-कल. आधी काय म्हणायचीस तू?”

“वेयकल.”

“मग तेच बरं होतं की.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “मॅडम, हा काय चावटपणा आहे? जन्मभर मी बरोबर बोलत होते, तुम्ही फुंकायला लावून मला चुकवलंत! गिळला तर म्हणता ओक, आणि ओकला तर म्हणता गिळ!”

मॅडमनी चष्मा काढला आणि हसत सुटल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, मी केली का ही भाषा? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं नाही हे. हे अंगण खरंच वाकडं आहे. त्यातच नाचायचं.” मग मलाही हसू आलं. त्या दिवशी त्यांनी मला क्लासनंतर थांबवून चहा पाजला आणि कुठे एच बोलायचा, कुठे नाही, ते पुन्हा घोटून घेतलं. अवर, ऑनेस्ट, व्हेईकल, हे गिळायचे. बाकीचे सोडायचे नाहीत.

मुलाखतीच्या दिवशी मी तासभर आधीच पोचले. हॉटेलात अजून नव्या रंगाचा वास होता. टेबलापलीकडे एक साहेब आणि एक बाई. नाव, शिक्षण, आधीची नोकरी, सगळं मी पाठ केलेलं धडाधड सांगितलं. मग साहेब म्हणाले, समज मी गेस्ट आहे, माझी गाडी कुठे आहे ते मला सांग. गाडी हॉटेलच्या मागे लावली आहे, एवढंच सांगायचं होतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, “सर, युवर वेहिकल इज बियाइंड द हॉटेल.”

एच होता, पण नेमका नको तिथे. मीच ऐकलं आणि कानशिलं तापली. गेली नोकरी, आता पुन्हा ती केबिन आणि ती करकरणारी भाकरी, एवढंच डोक्यात आलं. आणि मला रडूबिडू न येता रागच आला. “एक मिनिट थांबा,” मी चक्क मराठीत म्हटलं, “एचची जागा चुकली.” तळहात तोंडासमोर धरला आणि सावकाश म्हटलं, “युवर व्हीइकल इज बिहाइंड द हॉटेल, सर.”

बाई म्हणाल्या, “हे हाताचं काय?” मी वाफेचं सांगितलं. त्या गालात हसल्या आणि त्यांनी स्वतःचा हात तोंडासमोर धरून हळूच ‘बिहाइंड’ म्हणून बघितलं. साहेबांनी मग चिडलेल्या गेस्टचं सोंग घेतलं, खोली घाण आहे म्हणून आवाज चढवला. मला मनातून वाटलं, हा काय ओरडणार! हॉर्न वाजवत येणारे ट्रेलरवाले ऐकलेत मी. शांतपणे सॉरी म्हटलं आणि दुसरी खोली दिली. पुढच्या आठवड्यात फोन आला की रुजू व्हा.

मॅडमना पेढे दिले. त्या म्हणाल्या, “वाकड्या अंगणातला नाच जमला म्हणायचा.” ट्रेनिंग झालं आणि मी एकदाची डेस्कवर उभी राहिले, कोट घालून. मोबाइल ड्युटीवर चालत नाही, म्हणून आईला डेस्कचा नंबर देऊन ठेवला होता, अगदीच अडलं तर लाव म्हणून. पहिल्याच दुपारी काउंटरसमोर दोन-तीन गेस्ट, बाजूला सुपरवायझर, आणि फोन वाजला. मी उचलला आणि जे शिकले होते ते सगळं ओतलं. गुड आफ्टरनून, हाउ मे आय हेल्प यू? एकेक अक्षर जागच्या जागी, एच सकट. सुपरवायझरनं मान डोलावली.

पलीकडून एक आवाज आला, दबकत दबकत. माझी आई बाजारात कुणाच्या बापाला भीत नाही. तिचा असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

“मॅडम, माजी पोरगी तिथं कामाला हाय. जरा बोलवाल काय तिला?”

सगळ्या लॉबीसमोर मी मोठ्यानं म्हटलं, “आये, मीच हाय गो!”

आई म्हणाली, “मंग मगाशी कोन बोलत व्हती?”

“ती पन मीच.”