बोटभर अंतर

धक्क्यावर तिला सगळे पानेवाली म्हणत, कारण तिच्या शर्टाच्या खिशात कायम दहा नंबरचा पाना असायचा. नवरा धक्क्यावरच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली ती वीस वर्षं राबली आणि तो गेल्यावर शेडची किल्ली तिनं कोणाला दिली नाही. दिराला तर नाहीच नाही.

दिराची प्रवासी बोट होती. शेड पाडून तिथे प्रवाशांना बसायला जागा करावी असं त्याच्या डोक्यात होतं. भाऊ जाऊन महिना झाला नाही तोच तो टेप घेऊन भिंती मोजायला आला आणि वहिनीनं त्याला टेपसकट बाहेर काढलं. तेव्हापासून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर दिराची बायको मधे पडायची आणि दोन्हीकडून बोलणी खायची. इंजिन मात्र वहिनीकडेच यायचं, कारण दुसरा मेकॅनिक दोन तासांच्या वाटेवर होता आणि हातात आलेलं इंजिन तो आठवडाभर सोडायचा नाही.

त्या खेपेला सर्व्हिसिंग आदल्या संध्याकाळीच झालं होतं. सकाळची फेरी पलीकडच्या बेटावर कामाला जाणाऱ्या शिक्षिका आणि नर्स यांनी भरलेली असायची. वीस मिनिटांच्या फेरीला पस्तीस मिनिटं लागली. शाळेची घंटा चुकली, बायकांनी दिराला फैलावर घेतलं. तो परत आला तो तडक शेडच्या दारात, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. पुढच्या फेरीच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला.

"वहिनी, इंजिनाची पार वाट लावलीत तुम्ही."

तिनं चिंधीला हात पुसले आणि बोट शेडसमोरच्या उतरणीला लावायला सांगितलं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मंद चालत होतं, अर्ध्या वेगापर्यंतही तक्रार नव्हती. त्यापुढे वेगाचा दांडा कितीही ढकला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडतीसशेवर जाऊन बसायचा. जायला हवा होता पंचावन्नशेच्या घरात.

तिनं टाकीच्या झाकणावरचं हवेचं भोक पाहिलं, ते मोकळं होतं. फिल्टर स्वच्छ, प्लगचा रंग ठीक. बोटीच्या तळात दीड बादली पाणी निघालं, तेव्हा "तळं पाळलंय का?" असं तिनं विचारून घेतलं. पाण्याखालच्या पंख्याच्या एका पात्याची कड वाकलेली दिसली आणि तिला बरं वाटलं. बोट कुठे आपटली, असं तिनं विचारलं. कुठेच नाही, असं तो म्हणाला. खोटं बोलतोय हे तिला दिसत होतं. तिनं तिच्याकडचा पंखा चढवला. काटा पुन्हा अडतीसशेवर.

दुपार झाली. दीर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला तिचे गुण सांगत होता. तिला दोष सापडायला हवा होता, आणि तो त्याचाच असायला हवा होता. म्हणून त्याच्या हाताखालून गेलेली एकेक वस्तू तिनं तपासली. स्वतःच्या हाताखालून गेलेल्या वस्तूंकडे पाहिलंच नाही.

शेवटी एकच उपाय उरला. इंजिनाचं झाकण काढून बोट भर वेगात न्यायची, एकानं चालवायची आणि एकानं इंजिनावर नजर ठेवायची. सुकाणूला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला दिराला खपत नसे. तो पुढे सुकाणूवर बसला, ती मागे इंजिनापाशी, पाठीला पाठ लावून.

"दांडा पूर्ण ढकला."

"ढकललाय."

"पूर्ण, म्हटलं."

"आता काय मोडून हातात देऊ?"

ती वाकली. दांड्याच्या केबलनं सरकणारी कार्बोरेटरवरची पट्टी आपल्या थांब्याला टेकतच नव्हती, बोटभर अलीकडे थांबत होती. तिनं ती नुसत्या अंगठ्यानं पुढे रेटली. इंजिन डरकाळलं, बोटीचं नाक वर उठलं, दीर सुकाणूला लटकला. अंगठा काढला तशी बोट पुन्हा बसली.

कार्बोरेटर धुताना केबल तिनंच सोडवली होती आणि परत लावताना टोकाचा नट चार-पाच आटे कमी फिरवला होता. शेडमध्ये इंजिन मंद चालवून पाहिलं, दांडा शेवटपर्यंत ढकलून पाहिलाच नाही.

"काय केलंत?" दिरानं वळून न बघता विचारलं.

त्याला काही दिसलं नव्हतं. कचरा अडकला होता म्हटलं असतं तर चाललं असतं. नट फिरवायला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

"केबल मी चुकीची बसवली होती," ती म्हणाली. "चूक माझी."

त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, "माझ्या भावानं असं कधी केलं नसतं."

"दोनदा केलं होतं. तुमच्याच बोटीला. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच."

तिनं नट बसवला, बोट सुसाट निघाली.

धक्क्यावर दिरानं अर्धीच गोष्ट सांगितली, पण चवीनं सांगितली. वहिनीनं स्वतः कबूल केलंय, असं त्यानं रांगेला दोनदा ऐकवलं. कोणीतरी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिनं "हो" म्हटलं आणि शेडमध्ये निघून गेली. महिन्याभरात दोन बोटवाल्यांनी आपली इंजिनं दुसरीकडे नेली.

त्यानंतर दोन दिवसांनी जाऊ आली. कशाला सांगितलंत, त्यांना काय कळणार होतं, म्हणाली.

"मलाही तेच वाटतंय," पानेवाली म्हणाली. "तोंडातून गेलं. आता रोज पस्तावतेय."

आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या चुका तिनं का काढल्या, हे जावेनं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पण त्या बोलून दाखवल्याचं तिला जास्त लागलं होतं.

बोट आता अठरा मिनिटांत पोचते. धक्क्याजवळ सगळे वेग कमी करतात. दीर मात्र शेडसमोर आला की दांडा पूर्ण पुढे ढकलतो. लाट उतरणीवरून चढते आणि थेट तिच्या दारात येते. पहिल्या आठवड्यात हत्यारांच्या पेट्या भिजल्या. तिनं शिव्या घातल्या, जावेकरवी निरोप धाडला, उपयोग झाला नाही. मग एका रविवारी तिनं दोन विटांचा उंबरठा बांधून काढला. तो वाळत होता तेवढ्यात बोट आली, आणि ओल्या सिमेंटवर पाणी चढू नये म्हणून ती दारात आडवी फळी धरून उभी राहिली.