हात लावायचा नाही

मी जरीपटक्याच्या वस्तीत घरोघरी पोळ्या करायला जाते. शाळेला सुट्टी असली की लेक सोबत. ठेवू तरी कोणाजवळ? नवरा टेम्पो घेऊन सकाळीच इतवारीच्या बाजारात जातो. पोरीला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवायची आणि एकच बजावायची, "दुसऱ्याच्या घरी कशालेच हात लावाचा नाही." एखादी वस्तू दिसेनाशी झाली की पहिलं नाव आमचंच निघतं ना! पोरगी ऐकायची. हात मांडीवर ठेवून नुसती पाहत बसायची.

एका घरी तिच्याच वयाचा मुलगा आहे. त्याच्याकडे रंगीत ठोकळ्यांचा डबा. शिकवणीच्या बाई येऊन त्याच्याकडून नमुने जुळवून घ्यायच्या. माझी दारातून पाहायची आणि घरी जाताना सांगायची, "आई, त्यानं लाल ठोकळा उलटा लावला."

मग हुशार पोरांच्या खास वर्गासाठी निवड निघाली. फी नाही, पुस्तकं फुकट, थेट बारावीपर्यंत. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं! शाळेतल्या बाईंनी हिचं नाव दिलं. निवडीच्या दिवशी मी सगळ्या घरी खाडा केला.

पोरगी चाचणी देऊन बाहेर आली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "वाचते छान. पण समोर ठोकळे ठेवले होते, तिनं बोटसुद्धा लावलं नाही. मूल आपणहून काय करतं, तेच आम्ही बघतो. कुतूहल कमी आहे."

"काहून वं? येत नव्हतं काय तुले?" मी पायरीवरच खेकसले.

"येत होतं. पन ते आपले थोडी होते?"

मी तशीच परत आत गेले. "मॅडम, हिला येते हो सगळं, एकदा करायला सांगून तर पाहा." त्या म्हणाल्या, आता दुसऱ्या मुलांची वेळ आहे.

त्या ठोकळेवाल्या घरच्या मुलाची निवड झाली. पोरगा गुणाचा आहे, त्याचा राग नाही मला. राग कोणावर काढायचा, हे शोधायचाही कंटाळा येतो आता. कोणावरही काढला तरी सकाळी कणीक मळायचीच आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या आईनं तो डबा माझ्या हातात ठेवला. "मावशी, घेऊन जा. त्याला आता नको." घरी आणला, पोरीसमोर ठेवला, झाकण काढलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, हात लावू?"