मान हालव, पुरे

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो. सत्तावनच्या निवडणुकीत दारव्ह्याच्या एका शाळेतल्या मतदान केंद्रावरून मी एका म्हातारीला मत देऊ न देता परत पाठवलं. ती चूक ज्यांनी निस्तरली, त्या नर्सबाईंबद्दल सांगायचं आहे.

दवाखान्यात त्यांना तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर त्यांचं एक वाक्य नक्की आठवेल. लाजून गप्प बसलेल्या बाईला त्या म्हणत, "बोलू नको, माय. मान हालव, पुरे." मग पोट, पाठ, कंबर असं एकेक विचारत जात आणि दुखणं सापडे.

मतदानाला त्यांची नेमणूक बायकांच्या रांगेवर होती. बुरख्यातल्या बायकांना आडोशाला नेऊन ओळख पटवायची, बोटाला शाई लावायची. त्याआधी त्या प्रत्येकीचं बोट स्वतःच्या पदराने पुसत. दुपारपर्यंत पदरावर पीठ, हळद, चुना, सगळं आलं होतं.

मी नावं विचारून यादीवर खूण करत होतो. नर्सबाई आडोशाला असताना एक पिंजाऱ्याची म्हातारी आली. नवऱ्याचं नाव विचारलं.

"उनका नाम मैं कैसे लेऊं, बेटा?"

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत मला ठाऊक होती. माझी आईही घेत नसे. तरी मी मोठ्याने म्हणालो, नाव सांगता येत नसेल तर घरी जा. रांगेत हसू फुटलं. म्हातारी निघून गेली.

बाईंना हे कळलं तेव्हा मतदान संपत आलं होतं. "मास्तर, कुलूप तिच्या जिभेले हाये, मताले नाही," एवढंच मला म्हणाल्या आणि केंद्राध्यक्षांना विचारून उतरत्या उन्हात पिंजाऱ्यांच्या गल्लीकडे निघाल्या.

वेळ संपताना जो आवाराच्या आत असेल, त्याला मत देता येतं. शिपाई फाटकाशी जाऊन उभा राहिला. माझा जीव त्या फाटकात अडकला. त्याने एक दार लोटलं, आणि उरलेल्या फटीतून बाई म्हातारीला जवळजवळ उचलूनच आत आल्या.

मग यादीकडे न बघता त्यांनी गल्लीतल्या पुरुषांची नावं घेतली. करीम? हसन? म्हातारी स्तब्ध. गफूर म्हणताच बुरख्यातली मान हलली. यादीतही तेच नाव होतं. उमेदवारांच्या एकाही माणसाने हरकत घेतली नाही. पेटीत मत टाकून म्हातारी बाहेर आली, ती ताठ चालत. त्या दिवशी मी बाईंच्या शेजारी बसलो होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे बाईंची राजूरला बदली झाली. तिकडेच त्या तापाने गेल्या.

बासष्टला मी पुन्हा त्याच टेबलाशी होतो. म्हातारी आली, मला ओळखून थबकली. मी बाईंसारखीच चार नावं घेतली. मान हलली. मग मी उठून उभा राहिलो आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "अम्मा, मागल्या खेपेले तुमाले परत धाडलं, ते माह्यं चुकलं. माफ करा मले."