आमच्या घोडीचं वजन

मला रागीट म्हणतात, ते काही खोटं नाही. पण त्या सकाळी माझे थोरले दीर ओट्यावर बसून फोनवर बोलत होते, "साहेब, पुण्याला कुणी ओळखीचं असंल तर बघा ना. आमच्या घोडीचं वजन लय वाढवलंय हो, जरा कमी करायला सांगा," तेव्हा मला राग यायचंही सुचलं नाही. हातात चहाचा कप घेऊन मी दारातच थिजले. पलीकडे आमच्या भागातले आमदार होते. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असणार, घोडी जाड झालीय.

आमची जमीन नाशिकजवळ, दिंडोरीच्या बाजूला. सातबारा दोघा भावांचा मिळून. दिरांनी त्यांच्या बाजूला द्राक्षं लावली, आम्ही आमच्या बाजूला गवत. आमचे हे तरुणपणी एका मोठ्या स्टडवर नोकरीला होते, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करतात तिथं. ते वेड काही सुटलं नाही. नोकरी सोडली, चार घोड्या आणल्या आणि आमचा स्वतःचा छोटासा स्टड सुरू झाला. लोक शेतात बैल राबवतात, आम्ही घोड्यांना गाजरं कापून देतो, म्हणून दिरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "एवढ्या रानात सोन्यासारखी बाग उभी राहील. आन् तुम्ही तिथं शेपट्या हलवणारे पाळा!"

त्या वर्षी तर त्यांनी पिच्छाच पुरवला. शेवटी एके दिवशी जेवताना आमचे हे बोलून गेले, "दादा, आपली पुण्यातली घोडी हंगामाची शेवटची मोठी शर्यत जिंकली नाही, तर मी सगळ्या घोड्या विकतो. तुम्ही खुशाल बाग लावा." दिरांनी लगेच ताटावरून हात वर करून "ठरलं" म्हटलं. मी नंतर ह्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. ज्या माणसाच्या तोंडून महिन्याकाठी चार वाक्यं निघत नाहीत, त्यानं नेमकं हेच वाक्य काढावं?

आता ती घोडी. ती आमची शेंडेफळ, मे महिन्याच्या अखेरीस जन्मलेली. घोड्यांच्या या दुनियेत सगळ्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यातलं शिंगरू, कागदावर दोघं एकाच वयाची. म्हणजे बालवाडीतल्या पोरीला पहिलीच्या वर्गात बसवून 'पळ' म्हणायचं. ही तर मुळातच चणीनं लहान. गिऱ्हाइकं यायची, तिच्या पायांकडे बघायची, चहा प्यायची आणि दुसरी घोडी विचारायची. एकजण मला म्हणाला, "बाई, ही लग्नाच्या वरातीत शोभेल." मी त्याला म्हटलं, "तुमच्या वरातीला पाठवते, या पुन्हा." तो पुन्हा आला नाही. शेवटी कुणीच घेतली नाही म्हणून आम्हीच मालक राहिलो आणि तिला पुण्याच्या एका ट्रेनरकडे दिली.

आणि पोरगी पळायला लागली की हो! पहिल्या शर्यतीत मधेच कुठेतरी राहिली, दुसरी जिंकली, मग पुन्हा जिंकली. दर शर्यतीनंतर घोड्याला एक आकडा मिळतो, त्याला रेटिंग म्हणतात. कुणाला हरवलं, किती फरकानं हरवलं, सगळं बघून एक अधिकारी तो आकडा वरखाली करतो. हिचा आकडा चढतच गेला. वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम घोडे निवडायला जाणकार बसतात, तेव्हाही याच गोष्टी बोलल्या जातात: ही कुणाला हरवून आली, आणि पाठीवर किती वजन घेऊन आली.

हे 'पाठीवर किती'च आमच्या घरात घोळ घालून गेलं. शेवटच्या मोठ्या शर्यतीचं पत्रक आलं, त्यात प्रत्येक घोड्यापुढे वजन लिहिलेलं, म्हणजे जॉकी (स्वार) आणि खोगीर मिळून त्यानं पाठीवर किती वाहायचं ते. आमच्या चिमुरडीपुढे साठ किलो, सगळ्यांत जास्त. बाकीचे तिच्याहून थोराड घोडे, पण वजनानं सगळे तिच्याखाली. दिरांनी ते वाचलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. ते पडले गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन. सगळं आयुष्य 'त्याचं वजन आहे', 'याचं वजन पडलं', 'वजन टाकून काम करून घ्या' यात गेलेलं. त्यांना एकच अर्थ कळला: मोठ्या मालकांनी आपलं वजन वापरून स्वतःच्या घोड्यांवरचं ओझं उतरवलं आणि गरिबाच्या घोडीवर लादलं. मग आपलंही वजन वापरायला नको? घोडी हरली तर पैज तेच जिंकणार होते, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातच नव्हतं. घरच्या घोडीवर अन्याय झाला, एवढंच त्यांना दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी कप खाली ठेवला. "दादा, अहो काय केलंत हे! त्या वजनात कुणाचा हात नाही."

"मग एवढं वझं आपल्याच पोरीवर का?"

"कारण ती सगळ्यांत चांगली आहे म्हणून! ज्याचा आकडा मोठा त्याच्या पाठीवर जास्त, ज्याचा लहान त्याच्यावर हलकं. म्हणजे सगळे बरोबरीनं पोहोचतील आणि शर्यतीत जीव राहील."

दिरांनी पत्रक पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "त्या समद्यांत वजनदार आपलीच हाय?"

"तुमच्या भाषेत म्हणायचं तर, हो."

दुपारपर्यंत ही बातमी सोसायटीत, चहाच्या टपरीवर आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानात पोहोचली होती. "पुण्यात आपल्या घोडीचं वजन सगळ्यांत जास्त!" लोकही मान डोलवायचे. त्यांना काय समजलं ते देवाला ठाऊक.

पण आमचे हे पत्रक पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. एवढीशी पाठ, त्यावर साठ किलो. ट्रेनरनंही फोनवर विचारलं, "काढून घ्यायची का? पुढच्या आठवड्यात एक सोपी शर्यत आहे." सोपी जिंकली तरी ठरलेली शर्यत ती नव्हती, आणि मग घोड्या जाणार होत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ज्यानं वजन दिलंय त्यानं ताकद बघूनच दिलंय ना? मग आपणच तिला कमी समजायचं?" त्यांनी फोनवर "पळू द्या" म्हटलं आणि उठून तबेल्यात गेले.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. दिरांनी कडक इस्त्रीची टोपी घातलेली. घोडे मैदानात आले तेव्हा आमची सगळ्यांत लहान, अगदी लिंबाएवढी दिसत होती. घोडे सुटायच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि ती मागेच राहिली. वळणावर तर तिच्यापुढे नुसती ढुंगणंच ढुंगणं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा दंड चिमटून म्हटलं, "उघडा! तिला वाढवलंत ना, आता बघा तिच्याकडे!" आणि तेवढ्यात जॉकीनं तिला बाहेरच्या बाजूला काढलं. पुढ्यात मोकळं रान दिसलं आणि माझी बाई जी सुटली! एक मागे टाकला, दुसरा, तिसरा. मी काय ओरडत होते मला आठवत नाही. पण पुढच्या रांगेतली एक नीटस बाई कानांवर हात ठेवून उठून गेली, एवढं आठवतं. शेवटच्या दहा पावलांत तिनं पुढच्या घोड्याला गाठलं आणि मान पुढे काढली. जिंकली! अहो, जिंकली माझी पोर!

मी ह्यांना मिठीच मारली, भर गर्दीत, या वयात. हे रडत होते, मी रडत होते. पण दीर कुठे दिसेनात. बघते तर ते कठड्याला टेकून काट्याकडे बघत उभे. शर्यत झाल्यावर जॉकी खोगिरासकट वजनकाट्यावर बसतो. भरायचं तेवढं वजन भरलं तरच निकाल खरा, कमी भरलं तर जिंकलेलंही जातं. हे त्यांना तिथं शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं. दोन्ही हात जोडून ते पुटपुटत होते, "कमी नको भरू रे बाबा. गुंजभर बी कमी नको भरू." मग भोंग्यावरून निकाल पक्का झाल्याचं पुकारलं गेलं आणि ते मटकन खालीच बसले.

मालकांना मैदानात बोलावलं. जिंकलेल्या घोड्याचा लगाम धरून मालकानं त्याला आत आणायचं, हा तिथला सगळ्यांत मोठा मान. ह्यांनी मलाही पुढे ओढलं आणि लगामाला आम्ही दोघांनीही हात लावला. घामानं निथळणारी ती, एका बाजूला हे, एका बाजूला मी. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिच्या मानेवर गाल टेकला. साडी घामानं ओली झाली, होऊ दे.

फाटकावर मात्र रखवालदारानं दिरांना अडवलं. आत फक्त घोड्याशी संबंधित माणसं. "आपण कोण?" त्यानं विचारलं. मी मागे वळून तोंड उघडणार, तेवढ्यात जन्मभर स्वतःची ओळख 'द्राक्ष बागायतदार' अशी सांगत आलेल्या माझ्या दिरांनी टोपी नीट केली, छाती काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आम्ही घोडेवाले. नाशिकचे."