सुई बदलली, सिरिंज तीच

"डॉक्टर, गेटवरची चहाची टपरी उद्यापासून बंद. तुम्ही फक्त सही करा." मॅनेजर चॅटर्जीसाहेबांनी कागद पुढे सरकवला.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका पंख्यांच्या कारखान्यात मेडिकल ऑफिसर होते. तीन कामगारांना कावीळ झाली होती आणि सगळे चहावाल्या हरिपदच्या कपांना दोष देत होते. हरिपद सकाळीच दवाखान्याच्या दारात रडून गेला होता.

मी सही लांबवली. तिघांची चौकशी केली. एक जण चहा पीतच नव्हता! पण दोन महिन्यांपूर्वी तिघांनीही एकाच दुपारी ताकदीचं इंजेक्शन घेतलं होतं. माझ्याच दवाखान्यात.

कंपाउंडर साधनबाबू भडकले. "दीदी, मी दर माणसाला सुई बदलतो!"

"आणि सिरिंज?"

"सिरिंज कुठे अंगात शिरते?"

साहेबांनाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये रसगुल्ले नेले आणि साधनबाबूंना सिरिंज घेऊन बोलावलं. साहेब खूश. एका रसगुल्ल्यात मात्र घशाला लावायचं जांभळं औषध मुरवलं होतं.

मी तोच जांभळा पुढे केला. "साधनबाबू, हा पेशंट नंबर एक. टोचा."

त्यांनी सिरिंजमध्ये पाणी भरलं, सुई खुपसली, सवयीने दट्ट्या जरा मागे ओढला, थोडं पाणी आत सोडलं.

"आता सुई बदला. हा पेशंट नंबर दोन."

पांढऱ्याशुभ्र रसगुल्ल्यावर जांभळा डाग उमटला.

"घ्या ना सर," मी बशी पुढे केली. "सुई तर नवीन होती."

साहेबांनी हात मागे घेतला. साधनबाबूंनी सिरिंज टेबलावर ठेवली. "म्हणजे माझ्या हातून, दीदी?"

"माझ्याही. मी कधी विचारलंच नाही."

रक्तातून रक्तात जाणाऱ्या या काविळीला आम्ही सिरम जॉन्डिस म्हणायचो. हेपॅटायटिस सी हे नाव बऱ्याच वर्षांनी आलं. तिघांना नेमकी बी होती की सी, ते कळायला आमच्याकडे मार्ग नव्हता. पण रक्तातली कावीळ कपातून पसरत नाही. रक्त लागलेल्या सुईने, सिरिंजने, वस्तऱ्याने पसरते.

साहेबांनी कागद फाडला. टपरी वाचली. नव्या सिरिंजा आल्या. दर इंजेक्शनला उकळलेली सुई आणि उकळलेली सिरिंज. न्हाव्याकडे जाताना ज्याने त्याने आपलं ब्लेड न्यावं, अशी नोटीसही मी लावली.

ताकदीची इंजेक्शनं बंद करून गोळ्या सुरू केल्या, तेव्हा मात्र युनियनचं शिष्टमंडळ आलं. "दीदी, गोळी दुखत नाही. मग ताकद कशी येणार?"

मी कडवट गोळ्या मागवल्या. तक्रारी थांबल्या. नव्या काविळीही थांबल्या.

सिरिंज कितीही उकळा. गरज नसलेलं इंजेक्शन न देणं त्याहून सोपं. फक्त पेशंटला ते पटवताना घाम फुटतो.